सुधारित आवृत्ती

२०१८ च्या दिवाळीनंतरच्या रविवारी मी डोंबिवलीत एका घरी जुना प्लेस्टेशन ४, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल, विकत घ्यायला गेलो होतो. पत्ता ऑफिसातल्या मित्राने दिला होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली नवा प्लेस्टेशन ४ प्रो लावलेला होता आणि जुना सोफ्यावर, मूळ खोक्यात, वायरी गुंडाळून रबर लावून तयार ठेवलेला. विकणारा मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. त्याने मशीन चालू करून दाखवलं, डिस्क घालून दाखवली, दोन्ही कंट्रोलरचं एकेक बटण दाबून दाखवलं. त्याचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते इतका वेळ शांतपणे बघत होते.

"ह्याच्यात बिघाड काय आहे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"काही नाही बाबा. मस्त चालतोय."

"मग विकतोयस कशाला?"

"हा प्रो आहे ना, त्याच्यापेक्षा फास्ट."

"ह्याच्यावर वेगळे गेम लागतात?"

"नाही, गेम तेच."

वडील गप्प झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घेऊन जा तुम्ही. पोराने निगुतीने वापरलंय."

खोकं मांडीवर घेऊन लोकलमध्ये बसलो तेव्हा त्यांचाच प्रश्न डोक्यात होता. चांगलं चालणारं यंत्र बाजारात असताना, त्याच्यावर चालणारे तेच गेम चालवणारं दुसरं यंत्र कंपनी का काढते? आणि कन्सोलच्या पिढीच्या मध्यावरच का, पुढची पिढी यायला अजून वर्षं असताना?

मला ह्या गोष्टीची ओढ आहे त्याला कारण माझी शाळा. साताऱ्यात वाढलो. शाळेची पुस्तकं मला कधी कोरी मिळाली नाहीत. निकाल लागला की वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत पूर्ण संच घ्यायचा, जूनमध्ये खाकी कव्हर घालायचं, पहिल्या पानावरचं त्याचं नाव एका रेघेने खोडायचं आणि खाली आपलं लिहायचं. माझी पुस्तकं पुढच्या वर्षी अशीच खालच्या वर्गात जायची. अभ्यासक्रम बदलला की मात्र साखळी तुटायची. त्या वर्षी सगळ्यांनाच नवी पुस्तकं घ्यावी लागायची. आईला तो खर्च जड जायचा, पण वर्गात सगळ्यांची पुस्तकं सारखीच कोरी असायची.

कधीकधी ह्या दोन्हींच्या मधलंच काहीतरी व्हायचं. पुस्तकावर छापलेलं असायचं, 'सुधारित आवृत्ती'. धडे तेच, कविता त्याच, पण कुठे चित्र मोठं केलेलं, कुठे स्वाध्याय वाढवलेला, आणि त्यामुळे पानं पुढे सरकलेली. बाई म्हणायच्या, "पान सत्तेचाळीस उघडा." माझ्या पुस्तकात तो धडा चव्वेचाळीसवर असायचा. आमच्या मराठीच्या बाई फार चांगल्या होत्या. त्या दोन्ही आकडे सांगायच्या. "नव्यात सत्तेचाळीस, जुन्यात चव्वेचाळीस." त्या दुसऱ्या आकड्यामुळे मी वर्गाच्या बरोबर राहायचो.

कन्सोलची पिढी म्हणजे अभ्यासक्रम. सोनीचा प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन, दोन्ही नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. कॉम्प्युटरवर गेम घेताना बघावं लागतं, माझं ग्राफिक्स कार्ड पुरेल का, रॅम पुरेल का. कन्सोल घेणाऱ्याला हा घोर नसतो. खोक्यावर पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४, लिहिलंय आणि घरी पीएस४ आहे, एवढं पुरतं. गेम लिहिणाऱ्यालाही माहीत असतं की समोरच्या प्रत्येकाकडे तंतोतंत हेच यंत्र आहे, म्हणून तो त्यातून शेवटचा थेंब काढतो. मला कन्सोल आवडतो तो ह्या समतेसाठी. तोक्योतल्या माणसाकडे आणि ठाण्यातल्या माझ्याकडे एकच वस्तू असते.

पिढीच्या मध्यावर नवं यंत्र काढायची रीत काही २०१६ ची नाही. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, २००४ मध्ये त्याची सडपातळ आवृत्ती आली आणि २००९ मध्ये किंमत ९९ डॉलरवर उतरली. ताकद तीच, आकार लहान, दाम कमी. मी पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे भरून ह्या सडपातळ मशीनवरच क्रिकेट आणि फुटबॉल खेळलो. पहिल्या दिवशी रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला ह्या आवृत्तीतून काहीच नवं मिळत नव्हतं. ती होती उशिरा येणाऱ्यासाठी.

हे स्वस्त होणं कशातून यायचं ते मला एप्रिल २०२१ मध्ये प्रत्यक्ष दिसलं. लॉकडाऊनमध्ये घरी बसून मी डोंबिवलीचा पीएस४ उघडला. आतापर्यंत सात-आठ वर्षांची धूळ आत गेली होती, तीही दोन घरांतली. पंख्याच्या पात्यांवर करडा मऊ थर बसला होता. मुलीच्या चित्रकलेच्या ब्रशने तो काढला. मग उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग सोडवला आणि त्याखाली मुख्य चिप दिसली. तिच्यावरची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता धातूकडे पोचवणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती. कापसाला अल्कोहोल लावून हळूहळू पुसत गेलो आणि खालून आरशासारखा चकचकीत चौकोन वर आला. त्यात माझ्या कपाळावरचा टॉर्च दिसत होता. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, साधारण ३५० चौरस मिलिमीटर. एएमडीने आखलेली ही एकच चिप, आणि तिच्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही. २८ नॅनोमीटरच्या तंत्राने बनवलेली. हा आकडा जितका लहान, तितकी चिपवरच्या सर्किटची नक्षी बारीक.

काही वर्षांनी १६ नॅनोमीटरचं तंत्र आलं. तेवढीच नक्षी आता बऱ्याच लहान जागेत बसू लागली. अशा वेळी कंपनीपुढे दोन वाटा असतात. तीच नक्षी लहान चिपवर काढा; वीज कमी लागेल, पंखा लहान होईल, डबा लहान होईल, किंमत उतरेल. किंवा चिप जवळजवळ तेवढीच ठेवा आणि तिच्यावर दुप्पट नक्षी काढा. ७ सप्टेंबर २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये सोनीने दोन्ही वाटा एकाच दिवशी दाखवल्या. सडपातळ पीएस४ २९९ डॉलरला आणि प्रो ३९९ डॉलरला. मूळ पीएस४ सुद्धा ३९९ लाच आला होता. म्हणजे आधी आलेल्याला त्याच पैशात जास्त आणि उशिरा आलेल्याला तेवढंच, पण कमी पैशात. मला आजही वाटतं की मधल्या आवृत्तीचा इतका न्याय्य दिवस दुसरा झाला नाही.

प्रोची रचना प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी ह्यांच्या देखरेखीखाली झाली, आणि ती समजली तेव्हा मला आमच्या बाई आठवल्या. त्यांनी जुन्या ग्राफिक्सच्या शेजारी त्याचीच आरशातली प्रतिमा ठेवली, फुलपाखराच्या दोन पंखांसारखी. जुन्यात चित्राचा हिशोब करणारे १८ गणक-गट होते, नव्यात ३६. जुना गेम लागला की प्रो एक पंख पूर्ण बंद करायचा, चिपची गती जुन्याइतकी उतरवायचा आणि गेमला वाटायचं आपण मूळ पीएस४ वरच आहोत. नव्यात सत्तेचाळीस, जुन्यात चव्वेचाळीस.

ताकद १.८४ टेराफ्लॉपवरून ४.२ वर गेली. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. वाढ सव्वादोन पट झाली. पण लोकांच्या घरी तेव्हा फोर-के टीव्ही येऊ लागले होते आणि त्यांच्या पडद्यावर जुन्या फुल एचडीच्या चौपट ठिपके, २१ लाखांच्या जागी ८३ लाख. सव्वादोन पट ताकदीत चौपट ठिपके कसे रंगवायचे? उत्तर असं काढलं की बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एका चित्रात काळ्या घरांतले ठिपके रंगवायचे, पुढच्या चित्रात पांढऱ्या घरांतले, आणि राहिलेली घरं आधीच्या चित्रावरून भरून काढायची. निम्मं रंगकाम वाचतं. मित्राकडे पडद्याला नाक लावून मी ते बघितलं आहे. वेगाने वळताना कडांवर जाळी क्षणभर दिसते आणि मिटते. चार हात मागे सरकलं की दिसत नाही.

प्रोसेसर मात्र जुन्याच जातीचा राहिला, फक्त १.६ गिगाहर्ट्झऐवजी २.१ वर पळणारा. तो बदलला असता तर जुन्या गेमची पानं चुकण्याचा धोका होता.

आता 'विकतोयस कशाला'कडे येतो. तेव्हाचे प्लेस्टेशनचे प्रमुख अँड्र्यू हाउस ह्यांनी कारण उघड सांगितलं होतं. पिढीच्या मध्यावर, ज्याला सगळ्यात सुंदर चित्र हवं असतं असा खेळाडू कॉम्प्युटरकडे सरकू लागतो, असं त्यांच्या आकडेवारीत दिसत होतं. हा खेळाडू संख्येने थोडा, पण खर्चाने मोठा. कन्सोलचा धंदा डब्यावर चालत नाही. डबा बऱ्याचदा थोड्या नफ्यात, सुरुवातीला तोट्यातही जातो. कमाई गेमवर होते, आणि कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून गेलेल्या गेमच्या किमतीतला साधारण ३० टक्के वाटा कंपनीकडे राहतो. असा गिऱ्हाईक कॉम्प्युटरकडे गेला की हा वाटा कायमचा जातो. डोंबिवलीच्या त्या मुलाला घरात टिकवण्यासाठी प्रो होता. नंतर कंपनीने सांगितलं की प्रो आल्यापासून विकल्या गेलेल्या दर पाच पीएस४ मागे एक प्रो होता. पाचातला एकच; पण त्याच्यासाठीच हा खटाटोप होता.

शिवाय शेजारी मायक्रोसॉफ्ट होतंच. जून २०१६ मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट स्कॉर्पिओ' जाहीर केला आणि ७ नोव्हेंबर २०१७ ला तो एक्सबॉक्स वन एक्स म्हणून ४९९ डॉलरला आला. सहा टेराफ्लॉप आणि १२ जीबी मेमरी. ताकदीत प्रोपेक्षा सरळ सरस. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन पीएस४ पेक्षा महाग आणि कमजोर ठरला होता, ती सल त्यांना भरून काढायची होती.

हे सगळं शक्य झालं कारण २०१३ मध्ये दोघांनीही कॉम्प्युटरच्याच घराण्यातली चिप घेतली होती. त्याआधी बहुतेक कन्सोलची जडणघडण इतकी निराळी असायची की मध्येच ताकद वाढवणं म्हणजे दुसरं यंत्र जोडणं. सेगा ह्या जपानी कंपनीने तसं करून पाहिलं. नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत आपल्या जुन्या जेनेसिस कन्सोलच्या डोक्यावर बसवायचा '३२एक्स' काढला, आणि त्याच महिन्यात जपानमध्ये पुढच्या पिढीचा सॅटर्न विकायला आणला. ३२एक्ससाठी चाळीसच्या आसपास गेम आले आणि संपलं. ज्यांनी तो घेतला त्यांच्या हातात पुढच्या वर्षी कुणी शिकवत नसलेलं पुस्तक राहिलं. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं. त्याची कारणं अनेक होती, पण तुटलेला विश्वास त्यातलं एक होतं, असं मी मानतो.

म्हणूनच सोनीने २०१६ मध्ये घातलेला नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. फक्त प्रोवर चालणारा गेम काढायचा नाही, प्रत्येक गेम दोन्हीवर चालला पाहिजे. निन्टेन्डोने हा नियम पाळला नव्हता. थ्रीडीएस ह्या हातात धरायच्या कन्सोलची त्यांनी न्यू थ्रीडीएस ही मधली आवृत्ती काढली, आणि तिच्यासाठी जुन्यावर न चालणारे काही गेम आले. नियम होता म्हणून मी डोंबिवलीचा जिना निर्धास्त चढलो. एकूण ११ कोटी ७० लाखांवर पीएस४ विकले गेले आणि त्यातले बहुतेक माझ्यासारखे साधे. गेम लिहिणाऱ्याला ह्या गर्दीकडे पाठ फिरवता येत नव्हती.

तरी नियम लिहिण्याइतका पाळायला सोपा नसतो. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला आणि साध्या पीएस४ वर त्याची अशी गत झाली की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. जून २०२१ मध्ये परत घेतला तेव्हा सोबत सूचना होती, चांगल्या अनुभवासाठी प्रो किंवा पीएस५ वर खेळा. कागदावर गेम दोन्हीवर चालत होता. बाईंनी दुसरा आकडा सांगणं थांबवलं तर काय होतं, ते मला त्या दिवशी दिसलं.

इथपर्यंत माझा हिशोब प्रोच्या बाजूनेच आहे. एक पुढे गेला म्हणून दुसऱ्याला त्याचं मागचं मिळालं. डोंबिवलीत प्रो आला म्हणून ठाण्यात पीएस४ आला. थोरल्याचं धाकट्याला, ही आपल्या घराघरातली जुनी व्यवस्था आहे आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. माझी काळजी पुढच्या पिढीपासून सुरू होते.

प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. आता जुन्या रिवाजाप्रमाणे किंमत उतरायला हवी होती. २०२३ च्या अखेरीस सडपातळ आवृत्ती आली, पण दाम उतरला नाही. डिस्क न लागणाऱ्या मॉडेलचा तर ३९९ वरून ४४९ डॉलर झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत डिस्कवाला पीएस५ ५४९ डॉलरला गेला. जवळपास पाच वर्षं जुनं यंत्र, पहिल्या दिवसापेक्षा महाग! एवढ्याच काळात प्लेस्टेशन २ निम्म्यावर आला होता. कारण पुन्हा त्या आरशासारख्या चौकोनात आहे. नक्षी आजही बारीक होते, पण बारीक नक्षी काढायचा खर्चच इतका चढलाय की लहान चिप म्हणजे स्वस्त चिप हे समीकरण राहिलं नाही. वर महागाई, आयात शुल्क. दोन वाटांपैकी स्वस्त होण्याची वाट बुजली. उरली ती अधिक ताकदीची, अधिक पैशांची.

त्या वाटेवर ७ नोव्हेंबर २०२४ ला पीएस५ प्रो आला, ६९९ डॉलरला. भारतात तो तेव्हा आला नाही. त्यात वाय-फाय ७ आहे, ते ६ गिगाहर्ट्झचा रेडिओ लहरींचा पट्टा वापरतं, आणि आपल्याकडे त्या वेळी तो खुला नव्हता. कंपनीने हेच कारण दिलं. इथे प्रो नव्हता म्हणजे प्रोकडे जाणारा मुलगाही नव्हता, आणि त्याचा जुना पीएस५ घेऊन लोकलने घरी येणारा माणूसही नव्हता.

मी हा प्रो बघितला शारजात, बहिणीकडे, त्याच डिसेंबरमध्ये. भाच्याने मला शेजारी बसवून सगळं दाखवलं. पीएस५ वर गेम सुरू करताना बहुतेक वेळा एक निवड करावी लागते, चित्र सुंदर हवं की हालचाल सफाईदार. सर्नी ह्यांनी प्रो जाहीर करताना सांगितलं होतं की सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळाडू हालचाल निवडतात. प्रोचा सगळा भर ही निवड पुसून टाकण्यावर आहे. आता बुद्धिबळाचा पट गेलाय. यंत्र कमी ठिपक्यांचं चित्र काढतं आणि शिकवून तयार केलेला एक प्रोग्राम उरलेले ठिपके अंदाजाने भरतो. भाच्याने मला रानातली एक वाट दाखवली. लांबच्या झाडांची पानं, कुंपणाची तार, सगळं स्थिर. माझ्या घरी तीच तार चालताना लुकलुकते.

"मामा, दिसतोय ना फरक?"

"दिसतोय रे." खरोखर दिसत होता, आणि सुंदर होता.

मग मी बॅगेतून त्याच्यासाठी आणलेली डिस्क काढली. पीएस४ चा गेम, मी सेकंडहँड घेतलेला, दोन महिने जीव लावून खेळलेला. पीएस४ च्या डिस्क पीएस५ वर चालतात हे मला माहीत होतं. कव्हरच्या आतल्या कागदावर आधीच्या मालकाने बॉलपेनने नाव लिहिलं होतं. ते मी शाळेतल्यासारखं एका रेघेने खोडून आपलं लिहिलं होतं, आणि निघायच्या आदल्या रात्री माझं खोडून खाली भाच्याचं.

त्याने डिस्क उलटसुलट करून बघितली. "मामा, ह्याच्यात डिस्क नाही जात."

"म्हणजे?"

"ड्राइव्ह नसतो ह्याला. वेगळा घ्यावा लागतो. बाबा म्हणाले, नंतर बघू."

मी वाकून यंत्राच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवलं. खाच नव्हती. तेव्हाच्या ६९९ डॉलरच्या यंत्राला ८० डॉलरचा ड्राइव्ह वेगळा घ्यायचा. जुनी डिस्क एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर कंपनीला त्यातलं काही मिळत नाही, दुकानातून उतरवलेला गेम मात्र ज्याने घेतला त्याच्याच खात्याला चिकटून राहतो. डोंबिवलीच्या वडिलांना मुलगा म्हणाला होता, गेम तेच. गेम आजही तेच आहेत. ते पुढे द्यायचा रस्ता मात्र बंद होत चालला आहे, आणि ह्याचं मला वाईट वाटतं. रानातली तार न लुकलुकण्यासाठी ही किंमत मला जास्त वाटते.

डिस्क माझ्याबरोबर परत आली. ठाण्यात पोचल्यावर मुलीने ती पीएस४ मध्ये घातली. तोच ओळखीचा आवाज झाला, आधी डिस्क आत ओढून घेतल्याचा, मग दोनदा फिरल्याचा. पंख्याचा आवाज साफसफाईनंतर अजून बेताचाच आहे. ती आता रोज संध्याकाळी अर्धा तास खेळते आणि माझ्यापेक्षा पुढे गेली आहे.

भाच्याला सांगून ठेवलंय, ड्राइव्ह घेतलास की कळव. कव्हरवरचं त्याचं नाव मी खोडलेलं नाही.